लेन्सखाली बसलेला माणूस

माझ्या धंद्याला मराठीत अजून नाव पडलेलं नाही. सुकापूरला आमच्या सोसायटीत मला ‘लाइव्हवाल्या बाई’ म्हणतात. वॉचमन तर नव्या भाडेकरूंना सांगतो की या बाई टीव्हीत असतात. टीव्हीत मी कधीच नव्हते. कंपन्यांचे मोठे लोक इंटरनेटवरून आपल्या माणसांशी थेट बोलतात. वर्षभराचं कामकाज सांगतात, नवं यंत्र दाखवतात, जुन्या साहेबांना निरोप देतात. ते बोलणं मध्ये न अडखळता दुसऱ्या टोकाला पोचवायचं, हे माझं काम. त्याला वेबकास्ट म्हणतात. पनवेलात बसून असलं काम मिळतं का, असं पुण्याचे नातेवाईक दर लग्नात विचारतात. अहो, एका बाजूला न्हावा शेव्याचं बंदर, दुसऱ्या बाजूला कारखाने, मधे गोदामंच गोदामं. बोलणाऱ्या साहेबांची इथे कधी टंचाई पडली नाही.

मुळात आमचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग करता करता मी यात आले. कशी आले ते सांगत बसत नाही, त्यात काही मजा नाही. आता गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळे कामं निवडून घेते. तेवढ्यात दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला. म्हटलं, दुसऱ्यांना बोलायला लावून झालं, आता आपण बोलून बघू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात सगळं यंत्रांचं काम असणार. यंत्रांचं काम सोपं आहे. इंटरनेटच्या दोन लाइनी घ्यायच्या, त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे रस्ता खणणाऱ्याने एक तोडली तर दुसरी चालते. वीज गेली तर बॅटरी. कॅमेरा दोन, माइक तीन, आणि साउंडला फारूक. फारूक पनवेलच्या मोहल्ल्यातला, स्टुडिओच्या दिवसांपासून माझ्यासोबत आहे. त्याचे कान इतके तिखट की खोलीत शिरल्या शिरल्या तो सांगतो, “ताई, पंखा बंद करायला सांगा, बेअरिंग गेलंय.” असा माणूस हाताशी असला की यंत्रांची काळजी अर्धी होते.

खरी डोकेदुखी असते ती आपल्या लोकांच्या हौसेची. एका पतसंस्थेची वार्षिक सभा लाइव्ह होती. अध्यक्षांच्या कॉलरला माइक लावला, आवाज तपासला, सगळं झकास. ऐन वेळी निवेदिकेला कुणीतरी चिठ्ठी दिली आणि तिने जाहीर केलं की अध्यक्षांचं मनोगत ऐकण्याआधी त्यांचा सत्कार होईल. शाल आली. श्रीफळ आलं. शाल बरोबर माइकवर पांघरली गेली. अध्यक्ष एका हातात नारळ धरून बोलायला लागले, कारण तो हातातून घ्यायला कुणीच पुढे आलं नाही. आवाज असा, की गोधडीत तोंड घालून कुणी बोलतंय. फारूक समोर उभा राहून दोन्ही हातांनी ‘शाल काढा, शाल काढा’ अशा खुणा करत होता. अध्यक्षांना वाटलं, थंडी वाजेल म्हणून सांगतोय. त्यांनी शाल आणखी घट्ट गुंडाळली. त्या दिवसापासून माझा नियम आहे, सत्कार भाषणानंतर. या नियमासाठी मी दर वेळी नव्याने भांडते आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, “मॅडम, बरं दिसत नाही हो ते.”

दुसरे एक कारखान्याचे मॅनेजर. त्यांना स्वतःला बघायची फार हौस. कोटाच्या खिशात मोबाइल, मोबाइलवर स्वतःचंच लाइव्ह चालू, आणि आवाज बंद करायला विसरले. आता लाइव्ह म्हणतात खरं, पण आपण इथे बोललेलं बघणाऱ्याकडे जरा उशिराने पोचतं. हे बोलायला लागले आणि थोड्या वेळाने त्यांच्याच खिशातून आवाज आला, “आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत.” ते म्हणाले, “धन्यवाद, धन्यवाद.” पुढे ते स्वतःशीच असे काही गुंतले की फारूकला माइक बंद करून त्यांच्या खिशात हात घालावा लागला.

असे किस्से पुष्कळ. पण यात हसून सोडून देता येत नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भीती. चारचौघांत तोंड न मिटणारा माणूस लेन्ससमोर आला की गार पडतो. मी बघितलंय, युनियनच्या द्वारसभा गाजवणारे गडी घाम पुसत बसतात. लोक म्हणतात आत्मविश्वास नाही. मला तसं वाटत नाही. सभेत समोर माणसं असतात. कुणी मान हलवतं, कुणी कपाळाला आठ्या घालतं, मागच्या रांगेतला एखादा जांभई देतो. बोलणारा त्या सगळ्यावर चालत असतो. लेन्स काहीच करत नाही. एवढ्या काळ्या काचेकडे बघून “माझ्या बंधूंनो” म्हणायचं म्हणजे कठीणच आहे.

त्यावर मी माझी पद्धत बसवली आहे. छाती फुगवून श्वास घ्या वगैरे मी सांगत नाही. ज्या खुर्चीत बोलायचं त्याच खुर्चीत, त्याच कपड्यांत, त्याच चपला-बुटांत तालीम करायची. पहिलं वाक्य पाठ, बाकीचं पाठ करायचं नाही. आणि कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओळखीचं एक माणूस बसवायचं. बोलायचं ते त्याच्याशी. ही शेवटची गोष्ट मला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नाही, ती एका ट्रेलर-ड्रायव्हरने शिकवली. तेच आता सांगते.

कंपनीचं नाव सांगत नाही. कंटेनर वाहून नेणारी आहे. बंदराच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्या ट्रेलरमागे अडकून एकदा तरी शिव्या हासडल्या आहेत, एवढं पुरे. मालक स्वतः एका ट्रकवरून वर आलेले. माणसं त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. डोकं शाबूत होतं, समजत सगळं होतं, पण शब्द वेळेवर येत नव्हता. ‘पाणी’ म्हणायचं असलं तर ओठ हलायचे, डोळे पाण्याच्या तांब्याकडे जायचे आणि तोंडातून ‘ते... ते...’ एवढंच यायचं. ज्या माणसाच्या हाकेवर यार्ड हलत होतं, त्याचं हे असं झालेलं बघवत नव्हतं.

महिनोन्‌महिने साहेब दिसले नाहीत, तेव्हा बोलणाऱ्यांची तोंडं सुटली. साहेब गेले, घरच्यांनी लपवून ठेवलंय. नाहीतर, आहेत, पण घरचे कागदांवर त्यांचा नुसता अंगठा घेतात. कंपनी विकली, नवा मालक बाहेरचा. ठिकठिकाणच्या यार्डांतले ड्रायव्हर दुसरीकडे कामं बघायला लागले, आणि ड्रायव्हर गेले की नुसते ट्रेलर उभे करून काय पूजा करायची? म्हणून साहेबांची मुलगी ऋचा माझ्याकडे आली. झटक्यानंतर कंपनी तीच बघत होती. पस्तिशीची, हुशार, बोलायला एकदम नेमकी. माझ्या ऑफिसात सरळ मुद्द्यावर आली.

“नीलाताई, बाबांचं थोडं थोडं रेकॉर्ड करून घेऊ. एक वाक्य आज, एक उद्या. तुम्ही ते जोडा. आणि सगळ्या यार्डांत लाइव्ह म्हणून दाखवू.”

मी म्हटलं, “जोडून देते. पण मग लाइव्ह म्हणू नका. रेकॉर्ड केलेलं आहे असं सांगून दाखवा.”

“त्याचा काय उपयोग? लोक म्हणतील, जुनं आहे.”

“बरोबर म्हणतील.”

ती चिडली. मीही काही गोड स्वभावाची नाही. काम हातचं जातंय हे दिसत होतं, पण खोटं लाइव्ह मी करत नाही. शेवटी ती म्हणाली, बाबांनाच विचारू. तिला वाटलं असणार, ते रेकॉर्डिंगलाच हो म्हणतील.

साहेब जुन्या यार्डाच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर राहायचे; ते यार्ड आता बंद होतं. उंचेपुरे, केस पांढरे, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी दोन्ही पर्याय समजावून सांगितले. त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. “ला... इव्ह.” मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. ऋचा वाक्य पूर्ण करायला गेली, तर तिला डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी म्हणाले, “त्यांनी... वि... विचारलं पाहिजे. मला.”

मला त्याच क्षणी तो माणूस आवडला. त्यांना तोंड दाखवून मोकळं व्हायचं नव्हतं. आपल्या माणसांनी समोरासमोर प्रश्न विचारावेत आणि आपण उत्तर द्यावं, एवढं त्यांना हवं होतं. मी म्हटलं, “साहेब, मग मेहनत करावी लागेल.” त्यांनी मान हलवली.

तालमी सुरू झाल्या. आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या तालमी भयंकर झाल्या. मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीने भाषण लिहून दिलं होतं. तिथला तन्मय नावाचा तरुण सगळ्या कार्यक्रमाचा प्रमुख. भाषणात ‘आव्हानांच्या या वळणावर’ असलं काहीतरी होतं. ते काचेवर अक्षरं सरकवणाऱ्या यंत्रातून वाचायचं. साहेबांना झटक्यानंतर ओळीची उजवी बाजू नीट दिसत नव्हती. ते अर्धी ओळ वाचायचे आणि अडकायचे. अडकले की रागवायचे, रागावले की आणखी अडकायचे. मी यंत्र काढून टाकलं. भाषणही काढून टाकलं. म्हटलं, तीनच गोष्टी बोला, मी आहे, कंपनी चालू आहे, काय विचारायचं ते विचारा. तरी लेन्सकडे बघितलं की शब्द गायब. त्यांच्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या होत्या की गप्पांत ते जास्त बरं बोलतात. पण आम्ही गप्पा मारायला गेलो की तेही जमेना. ऋचा माझ्याकडे ‘सांगितलं होतं ना’ अशा नजरेने बघायला लागली.

एके दिवशी अशीच फसलेली तालीम सोडून आम्ही चहाला बाहेर आलो. साहेब खाली जाऊन आपल्या गाडीत बसले होते, दार उघडं टाकून. शेजारी पायरीवर गणपतदादा. शिरढोणच्या बाजूचे, साहेबांच्या पहिल्या ट्रकवर त्यांच्याबरोबर असलेले. पुढे ट्रेलर चालवले आणि आता साहेबांची गाडी चालवत होते. मी कप घेऊन गाडीच्या मागे उभी होते, आणि मला साहेबांचा आवाज ऐकू आला. बोलत होते. थांबत थांबत, पण सलग.

“त्या... घाटात... ब्रेक लागेना...”

“हं.”

“तू म्हणालास... उडी मारू...”

“हं. मंग?”

“मी म्हटलं... माल कुणाचा आहे? आपला... नाही.”

“हं, बरोबर हाय.”

माझा चहा गार झाला. आपल्याकडे गावात गोष्ट सांगतात ना, तेव्हा ऐकणाऱ्यांतला एकजण हुंकार देत असतो. हं, बरं, मग? तो थांबला की सांगणाराही थांबतो, झोपलास का म्हणून विचारतो. आम्ही सगळे शिकलेले लोक साहेब बोलायला लागले की श्वास धरून बघत बसायचो. शब्द येतोय का, येतोय का. त्या शांततेतच त्यांचा शब्द मरत होता. गणपतदादा बघत नव्हते, ते ऐकत होते. पुढचं वाक्य येणारच आहे असं धरून हं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या खाली एक बुटकं स्टूल ठेवलं आणि गणपतदादांना म्हटलं, “इथे बसायचं. साहेब बोलतील, तुम्ही नेहमीसारखा हुंकार द्यायचा.”

गणपतदादा संकोचले. “बाय, सायबांच्या म्होरं मी स्टुलावर बसू? बरा दिसल का ते?”

“तुम्ही कुणाला दिसणार नाही.”

“दिसनार नाय, पन सायबांना तर दिसन ना.”

साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. डाव्या हाताने स्टूल दाखवून म्हणाले, “बस.”

फारूकने कानावरचा हेडफोन काढला. “ताई, हा हं-हं माइकमध्ये येतोय हां. बारीक, पण येतोय.”

“येऊ दे.”

“लोक विचारतील, कोण खोकतंय.”

“विचारू दे, फारूक.”

आणि गाडी रुळावर आली. रोज थोडं थोडं करत साहेब तिन्ही गोष्टी बोलायला लागले. दर वेळी वेगळ्या शब्दांत, कधी उलट क्रमाने, पण बोलायला लागले. दरम्यान मी ऋचालाही कामाला लावलं. यार्डांतून येणारे लेखी प्रश्न वाचून दाखवायचे, हे तिचं काम. तिला मी म्हटलं, तुमचीही एक तालीम घेऊ, कॅमेऱ्यासमोर. ती म्हणाली, “मला गरज नाही. मी रोज मीटिंग घेते.” पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. साहेब बोलत असताना ती मोबाइल घेऊन सारखी बाहेर जायची आणि परत यायची ती ओठ आवळून.

लाइव्हचा दिवस उजाडला. साहेबांचं ऑफिस ओळखू येत नव्हतं. तन्मयची माणसं आली होती, मागे कंपनीचा फलक, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, नवा सोफा. सोफा मी ताबडतोब बाहेर काढायला लावला आणि साहेबांची जुनी खुर्ची परत आणवली. तन्मय म्हणाला, “मॅम, फ्रेममध्ये ती खुर्ची खूप साधी दिसते.” मी म्हटलं, “साहेबही साधेच आहेत.” शालीवरूनही व्हायचं ते झालं. शाल नंतर, असं ठरलं. मी काचेपलीकडच्या खोलीत आमच्या पडद्यांसमोर जाऊन बसले. तिथून मला सगळं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या खोलीतलं माइकवर न येणारं बोलणं ऐकू येत नाही.

तिथेच घोटाळा झाला. तालमीत आम्ही मोजकी माणसं असायचो, त्यामुळे गप्प बसा असं कुणी कुणाला सांगायचा प्रश्नच आला नव्हता. त्या दिवशी खोली भरलेली. मला नंतर कळलं, तन्मयने बजावलं होतं, लाइव्ह सुरू झालं की अजिबात आवाज नको, टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. आणि स्टुलावरच्या गणपतदादांना खास सांगितलं, “काका, एक शब्दही नाही हां.” गणपतदादा शिस्तीचा माणूस. बंदराच्या गेटवर रात्रंदिवस सांगतील ते ऐकत आयुष्य गेलेलं. त्यांना वाटलं, तालीम वेगळी आणि खरं वेगळं. ते तोंड मिटून बसले.

मी बटण दाबलं. सगळ्या यार्डांत, कँटीनमध्ये, ड्रायव्हरांच्या मोबाइलवर साहेब दिसले.

“नमस्कार... मंडळी,” साहेब म्हणाले. पहिलं वाक्य पाठ होतं. “मी... मी...”

आणि थांबले.

लाइव्हमधली शांतता काय असते हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. बाहेर दोन क्षण जातात, आत माझं आयुष्य जातं. साहेबांचे ओठ हलत होते. माझ्या हाताखाली एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर ‘थोड्याच वेळात पुन्हा भेटू’ अशी पाटी येते. अशा वेळेसाठीच ते असतं. तन्मय दाराशी उभा राहून माझ्या कानातल्या यंत्रात दबक्या आवाजात विनवत होता, “मॅम, पाटी टाका. पाटी टाका ना, प्लीज.” कुणीही पाटी टाकली असती. पाटी पडली असती तर त्या एका पाटीने यार्डायार्डांत सिद्ध झालं असतं की साहेब संपले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो घाबरलेला नव्हता. ते लेन्सच्या खाली बघत होते, वाट बघत होते. मी हात मांडीवर ठेवला आणि तन्मयचा आवाज बंद केला.

मग साहेब बोलले. लेन्सकडे नाही, खाली बघून.

“गणपत... हुंकार दे... ना रे.”

हे सगळीकडे गेलं. लाइव्ह गेलं. गणपतदादांनी तन्मयकडे एकदा बघितलं, मग साहेबांकडे, आणि मोठ्याने, सगळ्या माइकांत येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “हं, सायेब. बोला तुमी.”

“मी आहे,” साहेब म्हणाले.

“हं.”

“हात गेला... बोलणं थोडं गेलं. मी... आहे.”

“हाय ना. मंग?”

आणि साहेब बोलत गेले. सुंदर बोलले असं मी म्हणणार नाही. अडखळले, दोनदा चुकीचा शब्द आला, तो त्यांनी स्वतःच परतवला. पण ते स्वतः बोलत होते. थोड्या वेळाने माझ्या बाजूच्या पडद्यावर, जिथे बघणाऱ्यांचे लेखी संदेश येतात तिथे, पहिला ‘हं’ आला. मग दुसरा. मग कुणीतरी लिहिलं, ‘हं सायेब मंग’. मग पडदा वर सरकायला लागला. कुठकुठल्या यार्डांतले ड्रायव्हर, क्लीनर, फोर्कलिफ्टवाले, सगळे हुंकार देत होते. फारूकने मला कोपराने ढोसलं, त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते. पण माझ्या हातात काम होतं, म्हणून मी रडले नाही.

शेवटी प्रश्न. लेखी प्रश्न ऋचा वाचणार होती, आणि साहेबांच्या आग्रहावरून एका यार्डातून थेट आवाजाचीही लाइन घेतली होती. ती उघडली. एक ड्रायव्हर बोलला. साहेबांना बघून बरं वाटलं, लवकर बरे व्हा, वगैरे. मग म्हणाला, “सायेब, कंपनी इकनार हाय असा आमी ऐकलाय. खरा काय ते तुमी सांगा.”

साहेबांनी मान वळवून ऋचाकडे बघितलं. ती कॅमेऱ्याबाहेर, कोपऱ्यात उभी होती. त्या एका नजरेत मला तिचे ते बाहेर जाऊन केलेले फोन कळले. साहेबांनाही तेव्हाच कळले असावेत.

“मला... माहीत नाही,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. “ऋचा. ये. तू... सांग.”

हे तालमीत नव्हतं. तिच्यासाठी खुर्ची नव्हती, दिवा नव्हता, माइक नव्हता. मी कॅमेरामनला फ्रेम मोठी करायला सांगितली आणि फारूक हातात धरायचा माइक घेऊन धावला. ऋचा वडिलांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. रोज मीटिंग घेणारी मुलगी. लेन्सकडे बघून गार पडली.

“विचारणा... विचारणा आली आहे,” ती म्हणाली. “एका मोठ्या कंपनीकडून. बोलणी चालू आहेत. बाबांना मी सांगितलं नव्हतं. त्यांना त्रास होईल असं वाटलं. आणि मला... मला एकटीला हे झेपेल की नाही...”

पुढे येईना.

गणपतदादांनी स्टूल जरा तिच्या बाजूला वळवलं. “हं, ताई,” ते म्हणाले. “मंग?”

ऋचाने खाली त्यांच्याकडे बघितलं. मग वडिलांकडे. साहेब तिच्याकडे बघत नव्हते, ते समोर बघत होते, तिला हवं ते बोलू देत होते.

“मग मी त्यांना नाही म्हणणार आहे,” ऋचा म्हणाली. “उद्या कळवणार होते. हो म्हणून कळवणार होते, खरं तर. पण आता तुमच्यासमोर सांगते. कंपनी विकणार नाही. मी चालवीन. चुका होतील. तुम्ही विचारा, मी उत्तर देईन. बाबा देतात तसं.”

“हं,” गणपतदादा म्हणाले. “हां, आता कसं.”

मी लाइव्ह बंद केलं. काचेपलीकडे सगळे एकदम बोलायला लागले. कुणीतरी शाल आणली, ती साहेबांनी ऋचाच्या अंगावर टाकायला लावली. तन्मय धावत माझ्या खोलीत आला, चेहरा पांढरा.

आमच्या कामात शेवटचा एक भाग असतो. लाइव्ह संपलं की त्याची फाइल राहते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी ती कंपनीच्या पानावर चढवायची. चढवण्याआधी प्रत्येक कंपनी कापाकापी सांगते. खोकला काढा, चुकलेला आकडा काढा, साहेबांनी नाक पुसलं ते काढा. मी काढून देते, त्यात काही गैर नाही.

“मॅम, शेवटचा सगळा भाग काढायचा,” तन्मय म्हणाला. “विकण्याचं, बोलणी चालू आहेत ते, सगळं. वकिलांचे फोन येतील. आणि सुरुवातीची ती शांतता तर काढाच. खूप वाईट दिसतं ते.”

मी उठून त्याच्याबरोबर कॅमेऱ्याच्या खोलीत गेले. निर्णय माझा नव्हता. ऋचा वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली होती, लहान मुली बसतात तशी.

मी विचारलं, “शेवटचं तुमचं बोलणं ठेवायचं की काढायचं?”

तिने तन्मयकडे बघितलंही नाही. “ठेवा. बोलले ते बोलले.”

“आणि सुरुवातीला साहेब थांबले होते, तेवढं काढू?” हे मी तिला विचारलं होतं. उत्तर साहेबांनी दिलं. गणपतदादा स्टूल उचलून बाहेर गेले होते, हुंकार द्यायला कुणी नव्हतं. साहेबांनी स्वतःहून, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत सांगितलं.

“नको, बाई. तेव्हाही... मी इथेच होतो.”

मी फाइल जशीच्या तशी चढवली.